गहाणाची तारीख

निघण्याआधी अटी ऐकून घ्या. तुम्हाला ग्लासगोला नेता येईल, २१ डिसेंबर १९०८ ची संध्याकाळही दाखवता येईल. पण कुणी ना कुणी जबाबात सांगितलेलं, कागदावर उतरलेलं, तेवढंच तुम्हाला दिसेल. कागद कोरा असेल तिथे अंधार. कुणाशी बोलायचं नाही, कशाला हात लावायचा नाही आणि साक्ष तर मुळीच द्यायची नाही. खुनी कोण ते डोळ्यांनी बघून यावं, या हौसेने निघाला असाल तर खुशाल घरी बसा.

तर सोमवार आहे. सात वाजत आलेत, बाहेर मिट्ट काळोख. वेस्ट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या एका दगडी इमारतीच्या जिन्यात, पहिल्या मजल्यावरच्या दारासमोर तुम्ही उभे आहात. क्वीन्स टेरेस, नंबर १५. आत मिस मॅरियन गिलख्रिस्ट राहतात. वय ८२, लग्न केलेलं नाही, पैशाला कमी नाही आणि चोरांची भीती भयंकर. दाराला दोन कुलपं. सुमारे तीन हजार पौंडांचे दागिने घरात, तेही तिजोरीत नाहीत, कपाटात कपड्यांच्या घड्यांमध्ये. (आपल्याकडच्या बऱ्याच आज्यांना ही व्यवस्था पसंत पडेल.) खाली राहणाऱ्या अ‍ॅडम्स मंडळींना त्यांनी सांगून ठेवलंय की काही बरंवाईट वाटलं तर मी जमिनीवर ठोकीन, तुम्ही धावत या.

दार उघडतं. हेलन लॅम्बी बाहेर येते. एकवीस वर्षांची, घरात राहून काम करणारी मुलगी. बाईंनी संध्याकाळच्या पेपरसाठी एक पेनी आणि बाकीच्या खरेदीसाठी अर्धा सॉव्हरिन दिलाय. पेनी तिच्या मुठीत आहे, सोन्याचं नाणं ती टेबलावरच ठेवून आली आहे. आधी पेपर आणू, मग बाकीचं. दार ओढून घेऊन, किल्ल्या बरोबर घेऊन ती जिना उतरते. दहाएक मिनिटांत परत येईल.

आता अंधार. ही दहा मिनिटं कुणीच पाहिलेली नाहीत, म्हणून तुम्हालाही दिसणार नाहीत. पण अंधारात एक गोष्ट चाचपून बघता येते, ती म्हणजे दार. ते फोडलेलं नाही, कुलपाशी झटापट नाही. आलेल्या माणसाला एकतर बाईंनीच आत घेतलंय किंवा त्याच्याकडे किल्ली आहे. चोरांना घाबरणारी, दोन कुलपांआड बसणारी ८२ वर्षांची बाई रात्री एकटी असताना कुणाला दार उघडेल? हा प्रश्न आत्ताच खिशात टाका. पुढे ग्लासगोचे पोलीस तो विसरणार आहेत.

खालून आवाज. आर्थर अ‍ॅडम्स घाईघाईने वर येतात. वादक माणूस, नजर अधू, आणि चष्मा नेमका खाली राहिलाय. वर काहीतरी धप्पकन पडल्याचा आणि मग तीन ठोक्यांचा आवाज आला म्हणून बहिणीने त्यांना पिटाळलंय. ते घंटा ओढतात. पुन्हा ओढतात. आतून लाकडं फोडल्यासारखा आवाज येतोय. मोलकरीण स्वयंपाकघरात ढलप्या काढत असेल, असं म्हणून ते खाली जातात. बहीण त्यांना पुन्हा वर पाठवते. तेवढ्यात पेपर घेऊन लॅम्बी येते. आवाज? कपडे वाळत घालायच्या कप्प्यांचा असेल, ती म्हणते. किल्ली फिरते, दार उघडतं, ती आत शिरते.

आतल्या खोलीतून एक माणूस बाहेर येतो.

नीट बघा, कारण पुढची वीस वर्षं याच क्षणावर भांडण चालणार आहे. तो घाई करत नाही. चारचौघांसारखा चालत येतो. अ‍ॅडम्सना वाटतं की आता हे गृहस्थ आपल्याशी काहीतरी बोलणार. तो त्यांच्या बाजूने निघतो, उंबरा ओलांडतो आणि मग जिन्यावरून वाऱ्यासारखा सुटतो. तुमच्या अगदी अंगावरून गेला. चेहरा दिसला? नाही दिसला. अ‍ॅडम्सना चष्म्याविना दिसला नाही, आणि लॅम्बीने काय पाहिलं याची तिची स्वतःचीच दोन-तीन उत्तरं आहेत. फाइलीत चेहऱ्याच्या जागी भोक आहे.

लॅम्बी मात्र किंचाळत नाही. घरातून अनोळखी पुरुष निघाला तरी ती आधी स्वयंपाकघरात डोकावते, मग निजायच्या खोलीत. शेवटी अ‍ॅडम्स विचारतात, बाई कुठे आहेत? तेव्हा ती जेवणाच्या खोलीत जाते. शेगडीपाशी मिस गिलख्रिस्ट पडल्या आहेत, डोक्यावर कातड्याचा गालिचा टाकलेला. त्याखाली बघू नका. बघण्यासारखं आतल्या खोलीत आहे, जिथून तो माणूस आला. गॅसचा दिवा त्याने स्वतः लावलाय, आगपेटी तिथेच टाकलीय. समोर मौल्यवान अंगठ्या उघड्यावर पडल्या आहेत, त्यांना हातसुद्धा लावलेला नाही. मात्र एक लाकडी पेटी फोडली आहे आणि तिच्यातले कागद जमिनीभर पसरले आहेत. चोराला मिनिटं मोजून मिळालेली. ती त्याने सोन्याऐवजी कागदांवर का घालवली? मोलकरणीच्या सांगण्यानुसार गेलाय फक्त एक दागिना: हिऱ्यांची चंद्रकोरीच्या आकाराची ब्रोच.

कागदांचा विचार तिथेच थांबतो. पोलीस निघतात ब्रोचमागे.

चार दिवस पुढे चला. नाताळचा दिवस. एक सायकलविक्रेता पोलिसांना येऊन सांगतो की आमच्या क्लबात ऑस्कर नावाचा एक परदेशी ज्यू येतो, तो हिऱ्यांच्या चंद्रकोरी ब्रोचची गहाणाची चिठ्ठी विकायला फिरतोय. क्लब आहे इंडिया स्ट्रीटवर. नावापलीकडे आपला काही संबंध नाही. हा ऑस्कर स्लेटर मूळचा जर्मनीतल्या सायलीशियाचा, खरं आडनाव लेशझिनर. पत्ते खेळतो, बिलियर्डच्या अड्ड्यांवर असतो, दागिन्यांची किरकोळ उलाढाल करतो. दारावर ‘अँडरसन, दंतवैद्य’ अशी पाटी. दात मात्र आयुष्यात कुणाचा काढलेला नाही. एका फ्रेंच बाईबरोबर लग्नाशिवाय राहतो. पोलीस त्याच्या घरी पोचतात तोवर तो लिव्हरपूलला रवाना झालेला, आणि २६ डिसेंबरला ‘लुसिटानिया’ जहाजाने, तेही तिसऱ्याच नावाने, न्यूयॉर्ककडे निघालेला. यापेक्षा फिट्ट बसणारा आरोपी कादंबरीवालाही बनवणार नाही.

आता जरा दम धरा आणि माझ्याबरोबर त्या गहाणवट दुकानात या. सगळा प्रवास मी या एका थांब्यासाठी आखलाय. दुकानातली वही काउंटरवर उघडी आहे. अशा वहीत काय असतं ते तुम्ही सराफाच्या पेढीवर पाहिलेलं आहे: वस्तू, वर्णन, दिलेली रक्कम, तारीख. बोट लावायचं नाही, नुसतं वाचा. हिऱ्यांची चंद्रकोरी ब्रोच. गहाण ठेवल्याची तारीख १८ नोव्हेंबर.

खून २१ डिसेंबरचा.

पुन्हा वाचा हवं तर. मिस गिलख्रिस्टच्या घरातली ब्रोच त्यांच्या अंगाखांद्यावर किंवा कपाटात असताना, महिनाभर आधीपासून ही ब्रोच या दुकानात पडून आहे. मधल्या काळात स्लेटरने तिच्यावर आणखी दोनदा पैसे उचललेत, एवढंच. बाईंच्या ब्रोचला हिऱ्यांची एक ओळ, हिला तीन. लॅम्बीलाच दाखवली, तिनेही ही आमच्या बाईंची नाही म्हणून सांगितलं. म्हणजे ज्या एकमेव कारणाने हा माणूस संशयित झाला, ते कारण जहाज न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागायच्या आतच संपलं.

आपल्या कोणत्याही पोलीस ठाण्यातला जुनाजाणता हवालदार इथे म्हणाला असता, साहेब, दोरी तुटली, पहिल्यापासून बघू. ग्लासगोत तसं कुणी म्हणाल्याचं कागदावर नाही. उलट तार गेली आणि २ जानेवारीला स्लेटरला न्यूयॉर्कमध्ये पकडलं. ब्रोच गेली तरी ब्रोचने दाखवलेला माणूस हातात राहिला, आणि त्याच्यासाठी आता नवे पुरावे हवे होते.

ते कसे मिळवले हे बघायला न्यूयॉर्कच्या कोर्टाचा व्हरांडा गाठा. लॅम्बी, अ‍ॅडम्स आणि चौदा वर्षांची एक मुलगी यांना बोटीने अमेरिकेला आणलंय. त्या रात्री रस्त्यात एक माणूस मला धडकून पळाला, असं ही मुलगी सांगते, आणि गॅसच्या दिव्याखाली निमिषभर दिसलेल्या त्या माणसाचं नाक, टोपी, कोट, सगळं तिला पाठ आहे. दोघी मुली बोटीवर एकाच केबिनमध्ये होत्या. आता तिघं व्हरांड्यात थांबलेत. समोरून तीन माणसं येतात: दोन धिप्पाड मार्शल आणि मधे बेड्या घातलेला एक. यातला ग्लासगोचा माणूस कोणता, हे सांगायला साक्षीदार कशाला हवा? पुढे ग्लासगोतही ओळख परेड झाली. साध्या वेशातले स्कॉटिश पोलीस, रेल्वेचे दोन अधिकारी, आणि त्यांच्यात काळ्या मिशांचा, परदेशी चेहऱ्याचा स्लेटर. हे म्हणजे तांदळात खडा टाकून वेगळं काय दिसतं म्हणून विचारणं.

एक गोष्ट विसरू नका. तो पळाला म्हणून सरकार ओरडत होतं, पण लिव्हरपूलच्या हॉटेलात त्याने स्वतःचं नाव आणि ग्लासगो असं लिहिलं होतं. आणि प्रत्यार्पणाची कारवाई चालू असताना, ती लढवता येत असताना, तो आपणहून परत यायला तयार झाला. ब्रिटिश न्यायावर त्याचा विश्वास होता. भाबडा म्हणा हवं तर.

मे १९०९, एडिंबरो. कोर्टात गर्दी आहे, तुम्ही भिंतीला टेकून उभे राहा. सरकारतर्फे लॉर्ड अ‍ॅडव्होकेट अलेक्झांडर उर, म्हणजे स्कॉटलंडचा सगळ्यात वरचा सरकारी वकील. हातात चिटोरंही न घेता ते जवळपास दोन तास बोलतात. पेपरात नाव आलं आणि आरोपी पळाला, असं ते सांगतात. त्या दिवशीच्या पेपरात नाव नव्हतंच. हत्यार म्हणून स्लेटरच्या सामानातली छोटी हातोडी दाखवतात, खुर्च्यांना खिळे मारायच्या मापाची. खुनानंतर पहिल्यांदा प्रेत पाहणारा डॉक्टर वेगळंच सांगणार होता, कारण त्याला खोलीतली रक्ताळलेली खुर्ची हत्यार वाटली होती. त्याला साक्षीला बोलावलंच नाही. स्लेटर त्या वेळी घरी जेवत होता असं त्याच्याबरोबर राहणारी बाई आणि घरची मोलकरीण सांगतात. पण ‘तसल्या’ घरातल्या बायकांचं कोण ऐकतो?

न्यायमूर्ती लॉर्ड गथ्री ज्यूरीला समजावून सांगतात. एरवी प्रत्येक आरोपी निर्दोष आहे असं धरून चालायचं असतं, पण असं जगणाऱ्या माणसाला त्या गृहीतकाचा सामान्य माणसाइतका फायदा मिळत नाही, अशा अर्थाचं ते बोलतात. या वाक्यापाशी खूण करून ठेवा.

ज्यूरी आपल्याला नानावटी खटल्यामुळे ऐकून माहीत. स्कॉटलंडची ज्यूरी पंधराची, तेव्हा साधं बहुमत पुरायचं, आणि ‘दोषी’, ‘निर्दोष’ यांच्या मधे ‘सिद्ध झालं नाही’ असा तिसरा निकालही तिथे देता यायचा. सत्तरेक मिनिटांनी ते परत येतात. नऊ म्हणतात दोषी, पाच म्हणतात सिद्ध झालं नाही, एक म्हणतो निर्दोष. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर माणूस सुटला असता. आरोपीच्या पिंजऱ्यातून स्लेटर मोडक्या इंग्रजीत ओरडतो की मला यातलं काही ठाऊक नाही. फाशी २७ मेला ठरते. सुमारे वीस हजार लोक दयेच्या अर्जावर सह्या करतात आणि २५ तारखेला, दोन दिवस उरले असताना, फाशीची जन्मठेप होते. पीटरहेडच्या तुरुंगात त्याला ग्रॅनाइटच्या खाणीवर लावतात.

आता खरा पुनर्तपास सुरू होतो, आणि तो तुम्हाला वाटतो तितका रंजक नाही. विल्यम रफहेड नावाचा एडिंबरोचा वकील १९१० मध्ये खटल्याचं सगळं कामकाज पुस्तकरूपाने छापतो. ते आर्थर कॉनन डॉयलच्या हाती लागतं. शेरलॉक होम्सचे हे जनक तोवर एका खटल्यात हात पोळून आणि यशही घेऊन बसलेत. मुंबईच्या पारशी घराण्यातून ख्रिस्ती होऊन इंग्लंडात पाद्री झालेल्या शापूरजी एदलजींचा मुलगा जॉर्ज, जनावरं भोसकल्याच्या खोट्या आळाखाली तुरुंगात गेला होता, त्याच्यासाठी डॉयल १९०७ मध्ये लढले. त्याच वर्षी इंग्लंडला फौजदारी अपिलाचं कोर्ट मिळालं. स्कॉटलंडला नाही. म्हणजे स्लेटरला दाद मागायला दारच नव्हतं.

डॉयलच्या खांद्यावरून डोकावून बघा. भिंग नाही, मातीचे ठसे नाहीत. छापील साक्षी आणि तारखा एकमेकांशेजारी मांडणं चालू आहे. १९१२ मध्ये त्यांची छोटी पुस्तिका निघते. दार कुणी उघडलं, कागदांची पेटी का फोडली, ब्रोच आधीच गहाण होती तर हा माणूस मुळात इथे आलाच कसा, हे तुमच्या खिशातले प्रश्न त्यांनीही विचारलेत. विशेष म्हणजे त्यांना स्लेटर अजिबात आवडत नव्हता. लफंगा आहे, पण खुनी नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. अशा माणसासाठी लढायला जास्त जिगर लागते असं मला वाटतं. गरीब गाईसाठी कुणीही लढेल.

सगळ्यात महाग पडलं ते एका पोलिसाला. १९१४. जॉन टॉमसन ट्रेंच, ग्लासगो पोलिसांतला डिटेक्टिव्ह लेफ्टनंट, नुकतंच राजाचं पोलीस पदक मिळालेला. पाच वर्षं मनात ठेवलेली गोष्ट तो एका वकिलाला सांगतो: खुनानंतर दोन दिवसांनी मला मिस गिलख्रिस्टच्या भाचीकडे पाठवलं होतं. त्या रात्री लॅम्बी धावत तिच्याकडे गेली आणि तिने त्या माणसाचं नाव घेतलं, ओळखीच्या माणसाचं, असं भाचीने मला सांगितलं. मी लिहून घेतलं. वरिष्ठांनी ते बाजूला सारलं. कागदपत्रांत तो माणूस ‘ए. बी.’ या अक्षरांआड आहे. मीही त्याला तिथेच ठेवतो, कारण त्याच्याविरुद्ध कधी काही सिद्ध झालेलं नाही आणि एका निराधार आरोपाची कथा सांगताना दुसरा करण्यात अर्थ नाही.

चौकशी होते. शेरीफ मिलर यांच्यासमोर, बंद दाराआड, साक्षीदारांना शपथ नाही, स्लेटरला हजर राहू दिलेलं नाही. तुम्हालाही आत जाता येणार नाही. भाची म्हणते मी असं बोललेच नाही, लॅम्बी म्हणते मी नाव घेतलंच नाही, वरिष्ठ म्हणतात ट्रेंचला भास झाला असावा. सरकार निर्णय देतं की हस्तक्षेपाचं कारण नाही. ट्रेंचला आधी निलंबित करतात, सप्टेंबरात बडतर्फ. पुढच्या वर्षी त्याच्यावर आणि त्या वकिलावर चोरीच्या मालाचा खटला भरतात. न्यायाधीश तो उडवून लावतात. १९१९ मध्ये ट्रेंच वारला, पन्नाशीत. खात्यातल्या चुकीबद्दल बोलणाऱ्या अधिकाऱ्याचं काय होतं, हे समजून घ्यायला ग्लासगोला जायलाच हवं असं नाही, पण तिथली फाइल फार स्वच्छ आहे.

मधली वर्षं भरभर सोडतो. महायुद्ध येतं आणि जातं, स्लेटर दगड फोडतोय. १९२५ मध्ये सुटणारा एक कैदी तोंडात लपवून त्याची चिठ्ठी बाहेर आणतो आणि डॉयलना पोचवतो: मला विसरू नका. विल्यम पार्क या पत्रकाराचं पुस्तक १९२७ मध्ये येतं आणि वर्तमानपत्रं जागी होतात. लॅम्बी अमेरिकेत सापडते. मी नाव घेतलं होतं, पोलिसांनी मला गप्प केलं, असं तिच्या नावावर छापून येतं. नंतर ती तेही नाकारते. रस्त्यातली ती मुलगी, आता बाई झालेली, सांगते की माझ्याकडून जबाब घोटून घेतला होता. १४ नोव्हेंबर १९२७ ला स्लेटर बाहेर येतो. साडेअठरा वर्षं आत काढलेली, आईबाप तेवढ्यात गेलेले. स्कॉटलंडला अपिलाचं कोर्ट १९२६ मध्ये मिळालेलं, पण जुन्या खटल्यांना ते लागू नव्हतं. या एका माणसासाठी पार्लमेंटला वेगळा कायदा करावा लागतो.

जुलै १९२८. पुन्हा एडिंबरो, पाच न्यायाधीश. स्लेटरचे वकील क्रेगी एचिसन तेरा तासांहून जास्त बोलतात. स्लेटरला मात्र साक्ष द्यायची परवानगी नाही. त्याला इतका राग येतो की तो अपील मागे घ्यायला निघतो आणि डॉयल डोक्याला हात लावतात. २० तारखेला निकाल. नवा पुरावा? पुरेसा नाही. ज्यूरीचा निष्कर्ष पुराव्याविरुद्ध होता? तसं म्हणता येत नाही. मग तुम्ही खूण करून ठेवलेलं लॉर्ड गथ्रींचं ते वाक्य निघतं. ज्यूरीला चुकीचं मार्गदर्शन झालं, शिक्षा रद्द. गहाणवटीची वही कोर्टाने पुन्हा उघडून काही ठरवलं नाही, ट्रेंच खरं बोलत होता का हेही ठरवलं नाही. तो खोटा ठरला ते तसंच राहिलं. मिस गिलख्रिस्टच्या खुनाबद्दल दुसऱ्या कुणावर कधी खटला झाला नाही.

सरकारने भरपाई दिली सहा हजार पौंड. वकिलांचा खर्च त्यात वेगळा धरला नव्हता. डॉयल आणि इतरांनी त्यासाठी पदरचे पैसे घातले होते. ते स्लेटरने भरपाईतून द्यावेत, हे त्यांच्या दृष्टीने साध्या सभ्यतेचं होतं. स्लेटरचं म्हणणं, मी न केलेल्या गुन्ह्यातून सुटायचे पैसे मी का भरू? ते सरकारने द्यावेत. पत्रापत्री कडू होत गेली, वर्तमानपत्रांपर्यंत गेली आणि दोघांचं पटलं ते नाहीच. दोन वर्षांत डॉयल वारले. स्लेटर एअर गावी राहिला, पुढे लग्न केलं, १९४८ पर्यंत जगला. जर्मनीत राहिलेल्या त्याच्या बहिणी नाझींच्या छळछावण्यांत गेल्या. त्या भांडणात बहुतेक चरित्रकार डॉयलची बाजू घेतात. मी घेत नाही. साडेअठरा वर्षं सरकारने खाणीवर राबवलेल्या माणसापुढे बिल ठेवायचंच असेल, तर ते आधी १८ नोव्हेंबरची नोंद वाचूनही न्यूयॉर्कला तार करणाऱ्यांकडे पाठवायला हवं होतं.